‘इलेक्ट्रिकला रिसेल नाही’ : एक उत्तरपक्ष

‘इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका, तिला रिसेल नाही.’ साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून मिरजेपर्यंत कुठेही विचारा, हाच सल्ला मिळतो. हा पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून तो आधी नीट मांडला पाहिजे. चौदा-पंधरा लाखांची इलेक्ट्रिक गाडी चार वर्षांनी विकायला काढली की व्यापाऱ्याचा भाव ऐकून मालकाचं तोंड उतरतं. त्याच वयाची पेट्रोल स्विफ्ट हातोहात जाते. शिवाय बॅटरी गेली तर लाखांचा खर्च. पेट्रोलचे वाचवलेले पैसे असे विक्रीच्या वेळी निघून जात असतील, तर मिळवलं काय?

पहिली गल्लत भाव पडण्याच्या कारणाची. भाव पडला म्हणजे गाडी झिजली, असं धरलं जातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत आणि टियागो ईव्हीची ७० हजारांपर्यंत उतरवली, कारण बॅटरीचे सेल स्वस्त झाले होते. दारात उभ्या असलेल्या जुन्या नेक्सॉनची बॅटरी त्या दिवशी बिघडली नव्हती. पण नवीच स्वस्त मिळू लागल्यावर जुनीला जादा पैसे कोण मोजणार? आणि सेल स्वस्त होत असतील, तर उद्या बॅटरी बदलण्याचा खर्चही उतरणारच. ज्या कारणाने भाव पडतो, त्याच कारणाने बॅटरीची भीती कमी होते. पूर्वपक्ष मात्र दोन्ही तोटे एकाच खात्यात मांडतो.

आता हिशेब. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणारी पेट्रोल गाडी लिटरला १५ देत असेल, तर १,००० लिटर लागतात. म्हणजे लाखाच्या वर खर्च. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगची गळती धरून युनिटला ६ किलोमीटर चालली, तर २,५०० युनिट. इथे ईव्हीवालेही फसवा हिशेब करतात. महावितरणच्या घरगुती मीटरवर १०० युनिटांपुढचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट होतो आणि गाडीचे महिन्याचे २०० युनिट त्या वरच्या टप्प्यांतच पडतात. म्हणून युनिटला १५ रुपये धरू : ३७,५००. तरीही वर्षाला साठ हजारांच्या वर वाचतात, पाच वर्षांत तीन लाख. पेट्रोल गाडीपेक्षा जास्तीची घसरण याच्या आत बसली, तर तोटा उरत नाही. ज्याचं वर्षाचं फिरणं पाच हजारांच्या आत आहे किंवा ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही, त्याच्यापुरता पूर्वपक्ष खरा आहे. त्याने नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये.

उरते गिऱ्हाईकाची धास्ती. माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच बाजारावर निबंध लिहून दाखवलं, की माल चांगला की वाईट हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यालाच वाईट मालाचा भाव देतो. आपला मिस्त्री बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढतो, टॅपेटचा आवाज ऐकतो, धूर बघतो. इलेक्ट्रिक गाडीपुढे त्याचे कान-डोळे निकामी होतात, मग तो ‘नको घेऊ’ म्हणतो.

पण बाजार शिकतो. २०१९ चा महापूर ओसरल्यावर सांगलीत जुनी गाडी बघणारा माणूस सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधायला शिकला. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज, दिव्याच्या काचेआडची वाफ तपासू लागला. बॅटरीची परीक्षा याहून सोपी आहे. तिची क्षमता किती टक्के उरली, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधलं यंत्र सांगतं. तो आकडा लेखी मागावा. हमीचा कागद बारकाईने वाचावा, कारण काही कंपन्यांची ‘आजीवन’ हमी पहिल्या मालकापुरतीच असते.

आणि आपल्याकडे जुनीच गाडी घेणारी घरं पुष्कळ आहेत. एमएच १२ ची कितीतरी वाहनं सातारा-कराडला येऊन दुसरा मालक शोधतात. पुण्यातल्या मालकाने सोसलेली घसरण या दुसऱ्या मालकाची बचत ठरते. २०२२ च्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. शेतावर, शाळेत, बाजारात रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरणाऱ्या घराने तपासून घेतलेली अशी गाडी, आज त्याच पैशात मिळणाऱ्या पेट्रोल गाडीपेक्षा स्वस्त पडेल.