१९८६ सालचं एआय धोरण

एआय धोरण म्हटलं की सगळं कालपरवाचं वाटतं. २०१८ साली नीती आयोगाने राष्ट्रीय रणनीती मांडली, मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडियाएआय मिशनसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. पण मंडळी, हा आपला पहिला डाव नव्हे!

१९८२ मध्ये जपानने 'पाचव्या पिढीचा संगणक' बनवायला घेतला आणि जगभर धावपळ उडाली. आपल्याकडेही १९८६ च्या सुमारास केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांची मदत घेऊन 'नॉलेज बेस्ड कॉम्प्युटर सिस्टिम्स' हा कार्यक्रम सुरू केला. म्हणजे चक्क एआयच. कामं वाटून दिली: मद्रास आयआयटीकडे एक्स्पर्ट सिस्टिम्स, कलकत्त्याच्या आयएसआयकडे चित्रं ओळखणं, टीआयएफआरकडे आवाज, जुहूच्या एनसीएसटीकडे भाषा. गरीब देशाने असंच करावं. पैसा थोडा, मग निदान माणसं तरी तयार व्हावीत.

पण लोकांच्या लक्षात राहिलं ते मशीन. अमेरिकेने हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' आला. अभिमान वाटावा असंच काम ते. तरी आज त्या मशीनवर कोणी काम करतं का? नाही.

त्याच काळात याच इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणखी एक काम केलं, ज्याची फारशी बातमी झाली नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं कोडिंग ठरवलं. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणजे आज तुम्ही मोबाईलवर 'क' टाइप करता, किंवा एखादं एआय मॉडेल मराठी वाचतं, तेव्हा ते कागदी काम अजून चालूच असतं. मशीन भंगारात गेलं, स्टँडर्ड टिकलं!

नव्या मिशनमध्येही दहा हजारांवर जीपीयूंचा आकडा सगळ्यात ठळक आहे. जीपीयू लागतात, वादच नाही. पण पाच-सात वर्षांत ते जुने होणार. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांचे आवाज नीट, त्यांच्या परवानगीने, सगळ्यांना वापरता येतील असे जमवले, तर ते चाळीस वर्षांनीही कामी येतील. आणि आज नाही जमवले, तर तेव्हा ते विकत घ्यायला कुठलं दुकान उघडं नसेल.

असो. धोरण वाचताना जीपीयूच्या आकड्यानंतरचं पानही वाचा, एवढंच.