सायकलला ओव्हरटेक: दीड मीटरची गोष्ट

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक, सुमारे ९,१०० किमी सायकलवर गेले. पण इतवारीच्या गल्लीत रोजच्या सायकलवाल्याला किती जागा मिळते?

१९८९ च्या नियमांत ओव्हरटेक उजवीकडून करायचा होता. वळणावर, चढावर, पुढचा रस्ता दिसत नसेल तिथे करायचाच नाही. पण सायकलपासून किती अंतर ठेवायचं, तो आकडा नव्हता. जर्मनीने २०२० मध्ये तो नियमात लिहिला: शहरात दीड मीटर, बाहेर दोन.

एवढं कशाला? खड्डा चुकवताना सायकल बाजूला सरकतेच ना!

मग गल्लीत दीड मीटर नसेल तर? मागेच राहा, हॉर्न न वाजवता. तुमचे दहा सेकंद जातील, त्याचा जीव वाचेल.