संग्रहालयातील मांडणी
संग्रहालयातील मांडणी : वस्तूंची निवड, क्रम, अंतर, उंची, प्रकाश व माहितीपट्ट्या यांच्या द्वारे प्रेक्षकाच्या पाहण्यास दिशा देणारी योजना. वस्तू तीच असली, तरी ती कोणत्या वस्तूशेजारी ठेवली आहे, यावर प्रेक्षकास जाणवणारा तिचा अर्थ अवलंबून असतो.

महाराष्ट्रात या योजनेचा आरंभ व्यापारी हेतूने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत स्थापन झालेल्या शासकीय मध्यवर्ती संग्रहालयात कच्चा माल व कारागिरी यांचे नमुने ठेवीत. डॉ. भाऊ दाजी लाड व जॉर्ज बर्डवुड यांच्या प्रयत्नांनी भायखळ्यास उभारलेली इमारत १८७२ मध्ये लोकांस खुली झाली. कपाटातील नमुना जाणकारास पुरे. निरक्षर प्रेक्षकास मात्र तो मुका राही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे विविध समाज व व्यवसाय यांच्या मातीच्या प्रतिकृती मांडण्यात आल्या. त्यांनी वाचनाची अडचण दूर केली. तथापि माणसांचे जातवार व व्यवसायवार नमुने पाहता पाहता वासाहतिक वर्गीकरणही प्रेक्षकाच्या मनात रुजले. १९७५ मध्ये या संग्रहालयास भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले; जीर्णोद्धारानंतर ते २००८ मध्ये पुन्हा खुले झाले.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची दृष्टी याहून निराळी आहे. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे अशा नित्याच्या वस्तू जमविल्या. एकाच उपयोगाच्या अनेक वस्तू शेजारी ठेवल्याने घडणीतील वैविध्य सामान्य प्रेक्षकासही ओळखता येते. याउलट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७-१८ मध्ये भरलेल्या ‘भारत आणि विश्व’ या प्रदर्शनात भारतीय वस्तू अन्य देशांतील वस्तूंसह मांडून तुलनेस वाव दिला होता.

मांडणीस शारीरिक मर्यादाही असतात. बॉस्टन येथील बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये छायाचित्रांच्या आधारे दाखवून दिले, की खाली वा आडोशाला ठेवलेल्या वस्तू पाहताना वाकावे लागल्याने प्रेक्षक थकतो. कापड व कागद यांवरील प्रकाश सामान्यतः ५० लक्सपर्यंत मर्यादित ठेवतात. त्यामुळे अशी दालने मंद असतात. जतन व दर्शन यांची सांगड घालणे, हे अभिरक्षकाचे कठीण काम होय.

पूजेतील मूर्तीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. घनसावंगी तालुक्यातील (जि. जालना) जांब या समर्थ रामदासांच्या जन्मगावी राममंदिरातील मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या व पुढे सापडल्या. अशा घटनांमुळे मौल्यवान मूर्ती बंदिस्त दालनात ठेवाव्यात, हा विचार पुढे येतो. परंतु गाभाऱ्यातील अंधार, समईचा उजेड, मूर्तीची उंची व भक्ताने उभे राहण्याची जागा ही देवालयाची स्वतःची मांडणी आहे. काचेआड, सर्व बाजूंनी प्रकाशित मूर्तीचे शिल्प नीट दिसते. तिच्याशी असलेले दर्शनाचे नाते मात्र तुटते. म्हणून देवालयांतून आलेल्या मूर्तींच्या दालनात मूळ स्थान, पूजाविधी व परिसर यांची माहिती, शक्य तेथे छायाचित्रांसह, देणे आवश्यक ठरते. त्यायोगे कलाकृती म्हणून पाहणाऱ्यास ती देवता असल्याचे व श्रद्धेने येणाऱ्यास तिचे शिल्पवैशिष्ट्य, असे दोन्ही अर्थ उलगडू शकतात.