शेवटच्या गाडीचे प्रवासी

पहिल्या गाडीचा इतिहास सर्वांना पाठ असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघालेली, तीन इंजिने आणि चौदा डबे असलेली, सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन एकवीस मैलांवरच्या ठाण्यास पोहोचलेली ती गाडी शालेय पुस्तकांपासून स्पर्धापरीक्षांपर्यंत सर्वत्र धावत असते. त्या इंजिनांची नावेही (सिंध, सुलतान आणि साहिब) लोकांच्या ओठांवर असतात. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. हेही ठाणे-कल्याणकर अभिमानाने सांगतात. परंतु याच मार्गावरून गेल्या पावणेदोनशे वर्षांत किती गाड्या सुरू झाल्या आणि किती गुपचूप बंद पडल्या, याची नोंद कोणाजवळ आहे? आरंभाला तोफांची सलामी मिळते, शेवटाला मात्र फलाटावर चिकटवलेला एक कागद. इतिहासलेखनातील या विषमतेविषयी आम्हांला येथे थोडे बोलायचे आहे.

बंद होऊ घातलेल्या गाडीतून मुद्दाम प्रवास करून येण्याचा छंद जगात पुष्कळांना आहे. ब्रिटनमध्ये या छंदाला मोठी परंपरा आहे आणि तिचे कारण तेथील इतिहासात आहे. १८४४ च्या एका कायद्याने तेथील रेल्वे कंपन्यांवर असे बंधन घातले की, गरीब प्रवाशांसाठी दररोज दोन्ही दिशांना निदान एक गाडी मैलाला एक पेनी या दराने सोडलीच पाहिजे. अशा गाडीस 'पार्लमेंटरी' म्हणू लागले. पुढे १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि तोट्यातले शेकडो फाटे व स्थानके बंद करण्याचा सपाटा सुरू झाला. मार्ग रीतसर बंद करायचा तर चौकशी, हरकती, सुनावण्या असा लांबलचक व्याप करावा लागतो. तो टाळण्यासाठी काही मार्गांवर आठवड्यातून एखादीच गाडी नावापुरती चालू ठेवण्यात आली. स्टॉकपोर्ट ते स्टॅलीब्रिज ही आठवड्यातून एकदा धावणारी गाडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. गरिबांच्या हक्कासाठी जन्मलेले नाव अशा रीतीने कागदी गाडीला चिकटले! या गाड्यांतून जाऊन येणारे लोक कुठेही पोहोचण्यासाठी निघालेले नसतात. गाडी आहे, आणि उद्या ती नसेल, एवढेच त्यांना पुरते.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. विदर्भातील 'शकुंतला' आठवावी. किलिक-निक्सन कंपनीच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडच्या कापसासाठी घातलेला हा अरुंद लोहमार्ग मूर्तिजापूरहून एका बाजूस यवतमाळला व दुसऱ्या बाजूस अचलपूरला जात असे. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेल्या वाफेच्या इंजिनाने ही गाडी १९९४ पर्यंत ओढली. मग डिझेल आले, आणि अखेर एकेक करून दोन्ही बाजू थांबल्या. थांबण्यापूर्वीच्या काही वर्षांत तिच्यातून हौसेने प्रवास करणारे, छायाचित्रे घेणारे, लेख लिहिणारे पुष्कळ निघाले. तिच्याविषयी आज उपलब्ध असलेले बरेचसे लेखन त्या उतरत्या काळातले आहे. ज्या दशकांत ती शेतकरी-मजुरांची रोजची गाडी होती, त्या दशकांविषयी साहित्य शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. गाडी लोकांच्या उपयोगाची होती तोवर ती कोणास लेखनाचा विषय वाटली नाही, आणि विषय झाली तेव्हा तिचा उपयोग सरला होता.

आमच्या ठाणे-डोंबिवलीच्या वाचकांना हे सारे दूरचे वाटेल. जेथे सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, जेथे डोंबिवलीकर डब्यात शिरणे ही एक विद्या मानतो, तेथे 'प्रवाशांअभावी बंद' हा शब्दप्रयोगच चेष्टेचा वाटावा. तथापि याच पट्ट्यात अलीकडच्या काळात तीन प्रकारचे शेवट घडले. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला शेवट समारंभाचा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टच्या डी. सी. प्रवाहावर धावली. पुढे विजेच्या तारा कल्याणपलीकडे दोन्ही घाट चढून गेल्या. त्यांना वीज पुरवण्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळ्याचे वीजघर उभे राहिले. तेही आता इतिहासजमा झाले आहे. एकविसाव्या शतकात या तारांमध्ये २५,००० व्होल्टचा ए. सी. प्रवाह सोडण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. ठाणे-कल्याणचा टप्पा आधीच उरकला होता. हार्बर मार्ग तेवढा उरला होता. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सी. एस. टी. कडे डी. सी. प्रवाहावरची शेवटची लोकल निघाली. ज्या दोन स्थानकांदरम्यान ९१ वर्षांपूर्वी आरंभ झाला, त्याच दोन स्थानकांदरम्यान शेवट झाला. रेल्वेप्रेमींनी तिला रीतसर निरोप दिला. हा शेवट गोड होता, कारण त्यात कोणाचे काही हिरावले गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेस त्याच फलाटावर गाडी आलीच; बदलला तो तारेतला प्रवाह.

दुसरा शेवट रिकाम्या डब्यांचा. ३० जानेवारी २०२० रोजी मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली ती मुख्य मार्गावर नव्हे, तर ट्रान्स-हार्बर मार्गावर, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे. दोन महिन्यांच्या आत टाळेबंदी आली. नंतरही या गाडीस प्रवासी लाभले नाहीत आणि थोड्याच काळात ती त्या मार्गावरून काढून घेण्यात आली. आम्ही काही मित्र तिच्या अखेरच्या दिवसांत एका दुपारी ठाण्याहून मुद्दाम तिच्यातून गेलो होतो. डब्यात बोटांवर मोजण्याइतकी माणसे. दारे आपोआप मिटली आणि बाहेरचा गलका तुटला. दिघा, ऐरोली, रबाळे या भागांतील कारखाने काचेपलीकडून निःशब्द सरकत होते. आम्हांला ते सुख वाटले, हे कबूल केले पाहिजे. पण समोर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सहज विचारले, "तुम्ही कुठं उतरणार?" आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आम्हांला कुठेच उतरायचे नव्हते. ते म्हणाले, "मग बसा. मला दवाखान्यात जायचंय. गर्दीच्या गाडीत आता चढवत नाही." आमच्या लेखी जी गाडी इतिहासातले एक टिपण होती, ती त्यांना दवाखान्यापर्यंतची वाट होती. त्या दुपारी आमचा छंद आम्हांला प्रथमच थोडा बोचला.

याच वातानुकूलित गाड्यांची पुढची कथा उलट्या अंगाची आहे. ५ मे २०२२ पासून त्यांचे एकेरी प्रवासाचे तिकीट निम्म्यावर आणले गेले. १९ ऑगस्ट २०२२ पासून मुख्य मार्गावर त्यांच्या दहा फेऱ्या वाढल्या, पण त्या साध्या लोकलच्या जागी. कळव्यास कारशेडजवळ प्रवाशांनी गाडी अडवली, बदलापूरला लोक स्थानकात उतरले, आणि २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या मागे घेऊन साध्या गाड्या पुन्हा सोडण्यात आल्या. आठवडाभराचे आयुष्य लाभलेल्या त्या दहा फेऱ्यांचा शेवटचा प्रवास कोणी हौसेने केला असेल असे वाटत नाही. तेथे शेवट लोकांनीच मागून घेतला होता. एकच गाडी ट्रान्स-हार्बरवर रिकामी आणि मुख्य मार्गावर संतापाचा विषय! यावरून एवढे दिसते की 'वापर कमी' हा गाडीचा अंगभूत गुण नव्हे. भाडे किती, वेळ कोणती, तिच्यासाठी दुसरी कोणती गाडी गेली, यांतून तो घडतो. वापराचा आकडा घडवणारे आणि तो पाहून निर्णय घेणारे पुष्कळदा एकच असतात.

तिसरा शेवट निरोपावाचूनचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. मार्च २०२० मध्ये देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या दिवशी जी पॅसेंजर स्थानकात येऊन उभी राहिली ती तिची अखेरची फेरी आहे, हे तिच्या प्रवाशांना ठाऊक नव्हते, गार्डालाही नव्हते. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा कित्येक साध्या पॅसेंजर परतल्याच नाहीत. ज्या परतल्या त्यांपैकी अनेकींवर एक्स्प्रेसचे भाडे चढले होते आणि ते उतरायला २०२४ उजाडले. खानदेशातील पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी तेव्हा थांबली ती थांबलीच. आता तेथे रुंद मार्गाचे काम हाती घेतले आहे. आपल्या परिसरातले उदाहरण रत्नागिरी पॅसेंजरचे. ती दादरपर्यंत येत असे. टाळेबंदीनंतर ती सुरू झाली तेव्हा दिव्यापर्यंतच. दादर आणि ठाणे ही नावे तिच्या वेळापत्रकातून गळली. ही गाडी कधीच ओस नव्हती. गणपती-शिमग्याला तर तिच्यात श्वास घ्यायला जागा नसे. तरीही कोकणातून येणारा माणूस आज पोतडी, फणस, लेकरे सांभाळत दिव्याच्या जिन्यावर चढतो. दिवा ते दादर या तुकड्याचा 'शेवटचा प्रवास' कोणीही केला नाही, कारण तो शेवटचा आहे हे कोणी सांगितलेच नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकांना हे सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. लोहमार्ग कल्याणला आला १८५४ साली आणि दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, तेथे सार्वजनिक वाचनालय निघाले. ठाण्यास १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे म्हणजेच 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते. भाव्यांनी जुन्या पोथ्या जमवल्या त्या कोणी रोज मागत होते म्हणून नव्हे. मागणीचा आकडा पाहून ते चालले असते तर मराठी वाङ्मयाचा एवढा मोठा इतिहास त्यांच्या हातून लिहून झाला नसता. आज ग्रंथालयातही 'गेल्या इतक्या वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके' अशी यादी होते, आणि अशा यादीची वाट पुष्कळदा रद्दीकडे जाते. अशा पुस्तकाचा शेवटचा वाचक आणि रिकाम्या लोकलमधला तो वृद्ध गृहस्थ यांच्यात आम्हांला फारसा भेद दिसत नाही.

मात्र येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. पुस्तक जपण्यासाठी त्याची एक प्रत कपाटात असली तरी पुरते. उद्याचा वाचक ते काढून वाचू शकतो. गाडी कपाटात ठेवता येत नाही. इंजिन संग्रहालयात उभे करता येते, तिकीट चिकटवहीत लावता येते, पण सकाळी ठरलेल्या वेळी येणे हेच जिचे अस्तित्व, ती फेरी थांबली की तिच्यातले काहीच शिल्लक राहत नाही. राहते ती लिहिलेली आठवण तेवढी. म्हणून शेवटच्या गाडीने जाऊन येणाऱ्या हौशी माणसाला आम्ही हसणार नाही. त्याने तारीख टिपली, वेळ टिपली, डब्यांची संख्या टिपली. उद्याच्या इतिहासकाराला त्याचेच ऋण मानावे लागेल. पण त्याच्या वहीत, आणि आमच्याही, एक रकाना रिकामा राहतो: या गाडीत रोज कोण बसत होते, आणि उद्यापासून ते कशाने जाणार?

तो रकाना भरण्यासाठी गाडी बंद होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दिव्याहून कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र करीत वसई रोडला जाणारी गाडी आजही धावते. तिच्या फेऱ्या थोड्या आहेत. एक चुकली तर फलाटावर बराच काळ काढावा लागतो. तिच्याविषयी मराठीत काय लिहिले गेले आहे हे आम्ही शोधले आणि आमच्या हाती जवळजवळ काहीच लागले नाही. ती बंद होणार असल्याची वार्ता नाही, होऊही नये. पुढच्या रविवारी आम्ही तिने जाणार आहोत. या खेपेस सोबत वही असेल, आणि कोणी "कुठं उतरणार?" असे विचारलेच तर आधी त्यांनाच विचारायचे ठरवले आहे.