जड पाणी : कुंडीतील झाडांसाठी

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक प्रमाणात विरघळलेले पाणी. साबणाला फेस न येणे, तोटीवर पांढरा थर साचणे या त्याच्या घरगुती खुणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) कठीणतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. अर्थात हे माप माणसांसाठीचे. कुंडीचा हिशेब वेगळा.

महाराष्ट्रातील बेसाल्टच्या प्रदेशात विहिरी-बोअरच्या पाण्यात बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांचे प्राबल्य असते. पुण्यात धरणाचे पाणी मऊ असते, पण उपनगरांतील अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर अवलंबून असतात. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्याचे दुखणे निराळे; तिथे मुख्य अडचण खारेपणाची आहे.

कॅल्शियम हे झाडाचे अन्नच. त्याच्यावर सगळा दोष टाकणे बरोबर नाही. खरा उपद्रव बायकार्बोनेटचा. त्यामुळे मातीचा सामू हळूहळू वाढतो आणि मातीत असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत, इक्झोरा, अझेलिया यांच्यावर हे लवकर दिसते. अंगणातल्या मातीतले क्षार पावसाने धुऊन जातात, घरातल्या कुंडीत साचत राहतात. मनी प्लांट, स्नेक प्लांट, कोरफड पुष्कळ सोसतात. त्यांच्यासाठी खटाटोप करू नये.

सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. पहिल्या सरींचे सोडून द्यावे, नंतरचे झाकून साठवावे. आर.ओ.चे शुद्ध पाणी जड पाण्यात निम्मे मिसळले तरी बहुतेक झाडांना पुरते. कीटकभक्षी वनस्पतींना मात्र निव्वळ पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणीच द्यावे. आर.ओ.च्या नळीतून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून कुंड्यांना घालण्याची पद्धत घरोघरी दिसते. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात; ते लादी पुसायला वापरावे. सॉफ्टनरचे पाणीही टाळावे, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो. रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडतो, क्षार जात नाहीत. उकळल्याने बायकार्बोनेटी कठीणता कमी होते, सल्फेट-क्लोराइडची तशीच राहते.

पर्यायच नसेल तर अधूनमधून तळाच्या छिद्रातून भरपूर निथळेल इतके पाणी घालावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे.