दहावा विद्यार्थी : काळोख्या विद्यालयांच्या कथा आणि वैरातून उमलणारे प्रेम

प्रस्तावना

इंग्रजी युवा-साहित्यात ‘डार्क अकॅडेमिया’ या नावाने ओळखला जाणारा कथाप्रकार अलीकडच्या काळात विशेष लोकप्रिय झाला आहे. जुन्या दगडी इमारती, ग्रंथालये, गुप्त मंडळे, मृत्यूची छाया आणि ज्ञानाची अनावर ओढ ही या प्रकाराची ठळक वैशिष्ट्ये होत. त्यात जादूची भर पडली की अद्भुतकथा सिद्ध होते. तिच्या केंद्रस्थानी पुष्कळदा दोन स्पर्धक विद्यार्थी असतात. आरंभी ते परस्परांचा तिरस्कार करतात आणि अखेरीस एकमेकांच्या प्रेमात पडतात. हे नाव २०१० नंतरच्या दशकात ‘टम्बलर’सारख्या संकेतस्थळांवर रूढ झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत, महाविद्यालयांची दारे बंद असताना, त्याचा प्रसार वेगाने झाला.

अशा कथांना तरुणांची करमणूक मानून बाजूला सारणे सोपे आहे. तथापि त्यांतून दोन प्रश्न उभे राहतात. विद्येचे घर या कथांत काळोखे का असते? आणि तेथील प्रेमाला वैरातूनच वाट का काढावी लागते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कल्पनेपेक्षा इतिहासात, विशेषतः विद्यापीठांच्या बंद दारांच्या इतिहासात अधिक सापडतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

विद्येचे शुल्क

एमिली जेरार्ड या लेखिकेने १८८५ मध्ये ट्रान्सिल्व्हानियातील लोकसमजुतींवर एक लेख लिहिला. त्यात ‘स्कोलोमान्स’ नावाच्या विद्यालयाची आख्यायिका आहे. हे विद्यालय डोंगराच्या पोटात असून तेथे खुद्द सैतान शिकवतो. निसर्गाची रहस्ये, पशूंची भाषा आणि मंत्रविद्या हे तेथील अभ्यासविषय. एका वेळी दहाच विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. शिक्षण पूर्ण झाले की नऊ जण घरी परततात आणि दहाव्याला सैतान शुल्क म्हणून ठेवून घेतो. ब्रॅम स्टोकरने १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत या विद्यालयाचा उल्लेख केला आणि ही आख्यायिका जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचली.

या आख्यायिकेतील दहावा विद्यार्थी महत्त्वाचा आहे. त्याचा कोणताही अपराध नाही. नऊ जणांच्या विद्येची किंमत कोणीतरी भरली पाहिजे, एवढ्याच कारणासाठी तो मागे राहतो. विद्या दुर्मीळ असते, ती थोड्यांनाच मिळते आणि त्या थोड्यांच्या लाभाचे मोल दुसऱ्याच कोणाकडून वसूल होते, हे लोकमानसाने ओळखलेले सत्य येथे भयकथेचे रूप घेऊन आले आहे.

‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली त्याच १८९७ च्या मे महिन्यात केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदवी द्यावी की नाही, यावर मतदान झाले. गर्टन महाविद्यालयाची स्थापना १८६९ मध्ये झालेली होती. स्त्रिया व्याख्यानांना बसत होत्या, परीक्षा उत्तीर्ण होत होत्या. पदवी मात्र त्यांना मिळत नव्हती. मतदानाच्या दिवशी विरोधक विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीची प्रतिकृती भर रस्त्यावर टांगली. प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. ऑक्सफर्डने स्त्रियांना १९२० मध्ये पदव्या दिल्या. केंब्रिजने त्यासाठी १९४८ साल उजाडू दिले. शिक्षण पूर्ण करूनही पदवीवाचून राहिलेल्या या विद्यार्थिनींच्या पिढ्या म्हणजे इतिहासातील ‘दहावा विद्यार्थी’च होत.

पुणे ते ऑक्सफर्ड

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून गेलेला आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिक येथे झाला. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. तेथे वर्ग मुलांचा होता आणि त्यांचे येणे सर्वांनाच रुचले होते असे नाही. पदवी परीक्षेतील यशामुळे विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीस त्या गुणवत्तेने पात्र ठरत होत्या. परंतु स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारण्यात आली. अखेर इंग्लंडमधील हितचिंतकांनी निधी उभारला आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ मध्ये विशेष परवानगीने त्यांनी तेथील उच्च कायदेपरीक्षा दिली. असे करणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. पदवी मात्र त्यांच्या हाती १९२२ मध्ये, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी पडली.

परीक्षा आणि पदवी यांच्यामधील या ३० वर्षांत जादू नाही, भुते नाहीत. तरीही विद्यालय काळोखे कशाने होते, हे समजण्यास एवढा एक दाखला पुरेसा आहे.

विद्या की प्रेम?

वैरातून प्रेमाकडे जाणाऱ्या कथांचा माग काढल्यास दारांचा हाच इतिहास पुन्हा समोर येतो. शेक्सपिअरच्या १५९८ मध्ये छापल्या गेलेल्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात नव्हारचा राजा आणि त्याचे तीन सरदार तीन वर्षे विद्याध्ययन करण्याची आणि त्या काळात स्त्रीचे मुखही न पाहण्याची प्रतिज्ञा करतात. फ्रान्सची राजकन्या सख्यांसह येते तेव्हा तिला दाराबाहेर मैदानात तळ द्यावा लागतो. पुढे शब्दांच्या चकमकी झडतात, चौघांचीही प्रतिज्ञा मोडते आणि विद्यापीठ सुरू होण्यापूर्वीच संपते.

टेनिसनने १८४७ मध्ये ‘द प्रिन्सेस’ या दीर्घकाव्यात हीच मांडणी उलटी केली. येथे राजकन्या आयडा स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन करते आणि आत येणाऱ्या पुरुषाला देहदंड ठरवते. तिच्याशी बालपणीच वाग्दान झालेला राजपुत्र स्त्रीवेषात प्रवेश मिळवतो. भेद उघड होतो, युद्ध होते, राजपुत्र घायाळ होतो आणि त्याची शुश्रूषा करताना आयडाचे मन पालटते. शत्रूचा प्रियकर होण्याचा हा प्रवास आजच्या युवा-कादंबरीत शोभावा असा आहे. परंतु त्याची किंमत पाहण्याजोगी आहे. विद्यापीठाचे रुग्णालय होते आणि विद्यार्थिनी घरी पाठवल्या जातात. राजपुत्र समानतेचे वचन देतो खरा. पण ते मिळते तेव्हा आयडाच्या हाती विद्यालय उरलेले नसते.

मराठी वाचकाला येथे कच-देवयानीचे आख्यान आठवल्यावाचून राहणार नाही. आदिपर्वातील या कथेत शत्रुपक्षाचा विद्यार्थी शुक्राचार्यांच्या आश्रमात संजीवनी विद्येसाठी येतो, दैत्यांच्या हातून तीनदा मारला जातो आणि देवयानीच्या हट्टामुळे पुन्हा पुन्हा जिवंत होतो. शेवटी कच विद्या घेऊन निघतो, प्रेम नाकारतो आणि दोघेही परस्परांना शाप देतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ मध्ये ‘विद्याहरण’ नाटकाद्वारे ही कथा मराठी रंगभूमीवर आणली. आख्यानातील एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. देवयानी आश्रमात वाढलेली, आचार्यांची लाडकी कन्या; तरीही संजीवनी तिला शिकवली जात नाही. ज्या विद्येसाठी ती आपले सर्वस्व पणाला लावते, त्या विद्येच्या दाराबाहेरच ती उभी असते.

देश, काळ आणि परंपरा भिन्न असूनही या तिन्ही कथांत एक समान सूत्र आहे. विद्या आणि प्रेम यांपैकी एकच पदरात पडते. जोवर दोघांपैकी एकालाच विद्यालयाचे दार खुले आहे, तोवर कथेला दुसरा शेवट उपलब्ध नसतो.

दार उघडल्यानंतर

हा शेवट बदलण्याचे श्रेय डोरोथी सेअर्स यांच्या ‘गॉडी नाइट’ (१९३५) या कादंबरीस द्यावे लागेल. सेअर्स १९१२ ते १९१५ या काळात समरव्हिलमध्येच शिकल्या आणि १९२० मध्ये ऑक्सफर्डची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्या होत्या. १९१५ मध्ये समरव्हिलच्या इमारतीचे लष्करी रुग्णालय झाले आणि विद्यार्थिनींना अन्यत्र हलवावे लागले. टेनिसनची कल्पना अशी प्रत्यक्षात आली. फरक एवढाच की या वेळी शिक्षण थांबले नाही.

‘गॉडी नाइट’मध्ये स्त्रियांच्या एका महाविद्यालयात निनावी द्वेषपत्रे येऊ लागतात, हस्तलिखितांची नासधूस होते आणि रात्रीच्या अंधारात विदुषींचा परस्परांवरील विश्वास डळमळू लागतो. नायिका हॅरिएट व्हेन हिला पूर्वी पीटर विम्झीने फाशीपासून वाचवलेले आहे. उपकाराच्या या ओझ्यामुळेच तिने त्याचे प्रेम वर्षानुवर्षे नाकारलेले असते. कादंबरीच्या शेवटी ती त्याला होकार देते तो विद्येचा त्याग करून नव्हे, तर त्याने आपल्या बुद्धीचा मान राखला ही खात्री पटल्यावर. दोघेही विद्यापीठाचे पदवीधर आहेत, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. तुल्यबळ प्रतिपक्षी असल्यावाचून वैराचे प्रेम होत नाही. केवळ दया किंवा शरणागती होते.

जादूच्या विद्यालयांना हा टप्पा गाठण्यास अधिक काळ लागला. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये रोक बेटावरील जादूविद्यालय केवळ मुलांचे आहे. पुढे लेखिकेनेच या मर्यादेचा पुनर्विचार केला आणि २००१ च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या संग्रहातील एका कथेत एक तरुणी त्या दारापाशी येऊन उभी राहिली. डॉना टार्ट यांच्या ‘द सीक्रेट हिस्टरी’ (१९९२) या कादंबरीत जादू नाही. परंतु ग्रीक शिकणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांचा अहंकार आणि त्यातून घडलेली हत्या यांमुळे पुढील पिढीने तिला या प्रकाराची आधारशिला मानले.

दहाव्याची सुटका

नेओमी नोव्हिक यांच्या ‘अ डेडली एज्युकेशन’ (२०२०) या कादंबरीत वरील सर्व धागे एकत्र आले आहेत. विद्यालयाचे नाव स्कोलोमान्स हेच आहे. तेथे शिक्षक नाहीत, राक्षसी जीव मात्र सर्वत्र आहेत आणि अनेक विद्यार्थी जिवंत बाहेर पडत नाहीत. संपन्न, संरक्षित वसाहतींतील मुलांची वाचण्याची शक्यता मोठी असते. उरलेली मुले त्यांची ढाल होतात. नायिका एल हिची आई वेल्सची, तर वडिलांचे कुटुंब मुंबईकडचे. न्यूयॉर्कचा ओरायन लेक तिला वारंवार वाचवतो आणि त्याबद्दल तिला त्याचा मनस्वी राग येतो. हॅरिएटचा सल येथे नव्या पिढीत पुन्हा दिसतो. हा राग प्रेमात उतरतो, तेव्हा दोघे एकमेकांना वाचवण्यावर थांबत नाहीत. २०२१ च्या दुसऱ्या भागात सर्वच विद्यार्थ्यांना बाहेर काढण्याचा निश्चय कथेचे केंद्र बनतो. नऊ सुटले तर दहावाही सुटला पाहिजे, असे आख्यायिकेला दिलेले हे उत्तर आहे.

आर. एफ. कुआंग यांची ‘बेबेल’ (२०२२) ही कादंबरी हाच प्रश्न साम्राज्यापर्यंत नेते. १८३० च्या दशकातील ऑक्सफर्डमध्ये वसाहतींतील मुलांचे भाषाज्ञान साम्राज्याचे बळ वाढवण्यासाठी वापरले जाते. येथे एक विद्यार्थी नव्हे, तर अख्खे देश शुल्क म्हणून भरले जातात.

समारोप

काळोख्या विद्यालयांच्या कथांचा हा आलेख विद्याप्रवेशाच्या इतिहासाशी निगडित आहे. विद्या थोड्यांपुरती राखली गेली तेव्हा विद्यालय भीतीचे स्थान झाले. दोघांनाही प्रवेश मिळाला तेव्हाच वैराला प्रेमाची आणि प्रेमाला समानतेची वाट सापडली. युवा वाचकांच्या या आवडीला पलायनवाद म्हणण्यापूर्वी अध्यापकवर्गाने ही पार्श्वभूमी ध्यानी घेणे इष्ट होय. प्रवेशपरीक्षा, शुल्क आणि गुणवत्तायादी यांच्या छायेत वाढणाऱ्या विद्यार्थ्याला स्कोलोमान्सची गोष्ट परकी वाटत नाही. आपण नवांतले की दहावे, हा त्याचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कादंबरीकाराइतकेच महाविद्यालयांनाही द्यावे लागणार आहे.