बलुत्याची हलगी, सुपारीचा बेंजो

सोलापूरहून विजयपूरकडे निघालं की मंद्रूप लागतं, आणि पुढे भीमा ओलांडली की कर्नाटक. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी नांदतात, आणि हलगीला नदीच्या दोन्ही काठांवर हलगीच म्हणतात. बागलकोटची होळी हलगीशिवाय होत नाही. सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात तेव्हाही मिरवणुकीत हलग्या कडकडत असतात. सीना जिथे भीमेला मिळते ते हत्तरसंग-कुडलही याच पट्ट्यातलं. तिथला मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा. एवढा जुना वारसा असलेल्या मुलखाला जुनेपणाचा अभिमान असणारच. संगीतात मात्र हा अभिमान एका चुकीच्या समजुतीपाशी नेऊन सोडतो: जुनं तेच अस्सल, आणि नवं वाद्य आलं की मूळ तुटलं. मला इतिहास नेमका उलटा दिसतो. परकी वाद्यं आली म्हणून इथला ताल टिकला, कारण तो वाजवणाऱ्याला त्या वाद्यांनी गावकीच्या दाव्यातून सोडवलं.

बेंजोचंच पाहा. लग्नाची वरात असो वा गणपतीची मिरवणूक, महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्या बेंजो पार्टीवर नाचल्या. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटही केला. पण हे वाद्य मुळात जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ बनवलं. त्यात तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली होती. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. हिंदुस्थानात त्याचं बुलबुलतरंग झालं आणि आपल्याकडे बेंजो. बेंजो हे नाव अमेरिकेतल्या एका वेगळ्याच वाद्याचं. ते वाद्य गुलामगिरीत नेलेल्या आफ्रिकी माणसांनी कॅरिबियन बेटांवर भोपळा, कातडं आणि तारा जोडून घडवलं. त्याच्या अगदी जुन्या, आजवर टिकलेल्या नमुन्यांपैकी एक हैतीतला आहे. १८४० च्या सुमारास तिथे गेलेल्या व्हिक्टर शेल्शर यांनी तो मिळवला आणि आज तो पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. म्हणजे देह जपानचा, नाव कॅरिबियन बेटांवरून आलेलं आणि ताल ढोलकी-ताशाचा. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि सगळा संसार हातगाडीवर किंवा टेम्पोत चढवला. विजेच्या तारेवर लोकताल चढवण्याचा हा उद्योग गल्लीतल्या पोरांनी केला, तेव्हा त्याला कुणी रॉक म्हटलं नाही, एवढंच.

हैतीचं नाव निघालंच आहे तर रिचर्ड मोर्स यांच्याकडे पाहायला हवं. आई एमेरांत द प्रादीन ही हैतीची नामवंत गायिका, वडील अमेरिकी अभ्यासक. मोर्स न्यूयॉर्कमध्ये पंक-न्यू वेव्हच्या काळात बँडमध्ये वाजवत होते. १९८५ मध्ये ते आईच्या देशी गेले, पोर्ट-ओ-प्रिन्समधलं जुनं ओलोफसन हॉटेल चालवायला घेतलं आणि १९९० मध्ये ‘राम’ हा बँड उभा केला. हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचं. इलेक्ट्रिक गिटारच्या जोडीला वोडू पूजेतले ढोल आणि ‘रारा’ मिरवणुकीतले बांबूचे कर्णे आले. दर गुरुवारी रात्री हॉटेलातच मैफल व्हायची. त्यांच्या आधी ‘बुकमन एक्सपेरियन्स’ने हीच वाट धरली होती. या धारेला तिथे ‘रासिन’, म्हणजे मूळ, म्हणतात. ढोल उचलणं तिथे साधी गोष्ट नव्हती. १९३५ च्या कायद्याने वोडूचे विधी गुन्हा ठरले होते आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्च आणि सरकार यांनी मिळून चालवलेल्या मोहिमेत ढोल जाळले गेले. लष्करी राजवटीत ‘राम’च्या ‘फेय’ या गाण्यावरही बंदी आली. ज्याला ढोल नाकारला होता, त्याने तो परत घेतला. त्यामुळे हैतीत मुळाकडे वळणं म्हणजे बंड होतं.

आपल्याकडे मात्र हा हिशोब उलटा पडतो. हैतीत ढोल वाजवायला मनाई होती, आपल्या गावगाड्यात हलगी न वाजवायला मनाई होती. मातंग, महार, होलार यांच्या घरांनी गावच्या लग्नाला, जत्रेला, मयताला वाजवायचंच, आणि बदल्यात बलुत्याचं धान्य घ्यायचं. नकार दिला तर गाव वाळीत टाकी. उजव्या हातात जाडसर टिपरू, डाव्या हातात बारीक काडी, कड्यावर ताणलेलं कातडं. वाजवण्याआधी ते जाळावर शेकायचं, म्हणजे आवाज टणक होतो. ते शेकण्यातलं कसब पिढ्यानपिढ्यांचं होतं, आणि त्याच कातड्यावरून माणसाची पायरी ठरत होती. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं, त्यानंतर आणि पुढे १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी वाद्यंही खाली ठेवली. महारवतनं कायद्याने गेली ती १९५८ साली. तेव्हा हैतीचा धडा जसाच्या तसा गिरवून ‘चला, हलगीकडे परत जाऊ’ असं म्हणणाऱ्याला विचारायला हवं: परत कुणी जायचं?

या प्रश्नाला जलशांनी आणि बेंजो पार्ट्यांनी कृतीने उत्तर दिलं, असं मला वाटतं. १९३० च्या दशकातल्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा ढंग ठेवला आणि आशय पालटला. मंगळवेढ्याकडून आलेल्या प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची गाणी, कव्वाली आणि भीमगीतं एकाच खड्या आवाजात गाऊन कॅसेटवरून घरोघरी नेली. बँड आणि बेंजोवाल्यांनी तर व्यवहाराचा शब्दच बदलला. बलुतं गेलं, सुपारी आली. सुपारी म्हणजे ठरलेली तारीख, ठरलेला दर, हातावर ठेवलेला विसार. आणि दर पटला नाही तर नाही म्हणायची मुभा. ही मुभा हलगीला कधीच नव्हती.

यावर कुणी म्हणेल की बँडमध्येही वाजवणारे त्याच वस्त्यांतले असतात, मग सुपारीने जात कुठे गेली? हा आक्षेप खरा आहे. जात गेली नाही. पण सक्तीचा दर आणि ठरवलेला दर यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने सक्ती पाहिलेली नाही. दुसरा आक्षेप आवाजाचा: विजेवर गेलेलं संगीत शेवटी डॉल्बीच्या भिंतीपाशीच पोहोचतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे आणि मिरवणुकांत ती सर्रास ओलांडली जाते, हेही खरं. तरी बेंजो आणि डॉल्बी एका तराजूत तोलू नयेत. बेंजोमागे आठ-दहा माणसांचे हात लागतात, डॉल्बीमागे बटण दाबणारा एकच. डॉल्बीने सगळ्यात आधी पोट मारलं ते बेंजोवाल्यांचंच.

मोठ्या रंगमंचावर काय पोहोचलं, तेही पाहण्यासारखं आहे. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडनी बेस आणि ड्रम्सवर अभंग आणले, ते मनापासून आणि छान आणले. पण अभंगाला सभेत मान आधीपासून होता. भजनातली पेटीही युरोपातूनच आली, पॅरिसच्या दबँ यांचं पेटंट १८४२ चं, आणि तिला आज कुणी परकी म्हणत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्याच करमाळ्याजवळच्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या ‘सैराट’ चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसमध्ये सिम्फनी वाजवून घेतली आणि गावच्या वरातीचा ठेका तिच्या शेजारी बसवला. लोक नाचले ते त्या ठेक्यावर.

हलगीही आता बदलली आहे. बाजारात कातड्याऐवजी प्लास्टिकच्या पानाच्या हलग्या मिळतात. त्यांना शेक द्यावा लागत नाही, पावसात त्या ढिल्या पडत नाहीत. जाणकार कानाला आवाजातला फरक कळतो आणि हळहळ वाटते. मलाही ती हळहळ पटते. पण ज्या कातड्यापायी एका माणसाला वेशीबाहेर बसवलं गेलं, ते कातडंच आता त्या कड्यावर नाही. कुस्तीच्या फडात घुमकं-कैताळाच्या साथीने ती तेवढ्याच जोरात कडकडते, आणि वाजवणारा सकाळीच विसार घेऊन आलेला असतो.